लाल्या वळू आणि पवळीची खोड

मी मोमिनाबादेत रुजू झालो तेव्हा सलोत्री म्हटलं की लोकांना घोडाच आठवायचा. मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई. तिथे पूर्वी घोडदळाची छावणी होती आणि सलोत्री म्हणजे पलटणीतल्या घोड्यांचा वैद्य, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. छावणी उठली, घोडे गेले, नाव मात्र मागे राहिलं. मी जन्मभर गाईबैलांचीच दुखणी काढली, तरी खेड्यातली म्हातारी माणसं विचारायचीच, "घोडं कुठाय तुमचं?" मी एका रोडक्या तट्टावरून यायचो. ते पाहून त्यांची फार निराशा व्हायची.

निजाम सरकारच्या गुरांच्या दवाखान्यात माझा हुद्दा धाकटा होता. साथीच्या दिवसांत लस टोचायची, लाळ्या-खुरकुताची जनावरं वेगळी बांधायला लावायची, अडलेली गाय सोडवायची, ही कामं लोकांना ठाऊक असतात. पण माझ्याकडे आणखी एक काम होतं, ते बाहेरच्याला सहसा माहीत नसतं. काही गावांना सरकारकडून चांगल्या अंगाचा एकेक वळू मिळायचा. तो गावाच्या गाईंसाठी. मग गावात मोकाट फिरणारे खुरटे गोऱ्हे खच्ची करायचे, म्हणजे पुढची पैदास त्या एका वळूची होईल. पूर्वी खच्ची करणं म्हणजे दगडावर ठेचणं असे. जनावर आठ-आठ दिवस खाली बसत नसे. माझ्या काळात चिमटा आला. कातडी न फाडता आतली शीर दाबून टाकायची. रक्ताचा थेंब नाही. त्या चिमट्याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, पण त्याबरोबर दुसरंही काही आहे, ते पुढे येईल.

या कामात माणसं एकेक भेटत. मी पाटोद्याला असताना एक गृहस्थ आपला बैल घेऊन दवाखान्यात आले. दुखणं काहीच नव्हतं. त्यांना माझ्याकडून एक कागद हवा होता, की हा बैल शरीफ आहे. झालं होतं असं, की त्यांच्या मुलाला बघायला मुलीकडचे आले आणि या बैलानं त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत पळवत नेलं. "घरातलं जनावर असं, तर माणसं कशी असतील?" असं म्हणून पाहुण्यांनी सोयरीक मोडली. मी तपासायला म्हणून बैलाच्या दोन पावलं जवळ गेलो, तर त्यानं मला दवाखान्याच्या ओट्यावर चढवलं. कागद मी दिला नाही. लग्न मात्र पुढे झालं म्हणे.

तेव्हा हसलो होतो. पण पाहुण्यांच्या बोलण्यात एक प्रश्न होता आणि तो माझ्या डोक्यात राहिला. जनावराचा स्वभाव येतो कुठून? घरातून, की रक्तातून? पाच-सहा वर्षांनी याच प्रश्नानं मला पकडलं. तोवर मी मोमिनाबादेत होतो. इन्फ्लुएंझाच्या साथीनंतरची ती वर्षं.

धर्मापुरीच्या अलीकडे एक गाव आहे. चूक माझी होती, म्हणून गावाचं नाव घेत नाही. तिथे आमचा एक वळू होता, लाल कंधारी जातीचा. रंग पिकल्या जांभळाकडे झुकलेला गडद लाल, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कडी, शिंगं दोन्हीकडे सारखी वळलेली. लोक त्याला लाल्या म्हणत. दिवसभर गावात हिंडायचा. बायका पाण्याला निघाल्या की स्वतःच बाजूला होऊन वाट द्यायचा. चार-पाच वर्षांत गावातली बहुतेक सगळी वासरं त्याचीच झाली.

त्या वासरांची वही माझ्याकडे असे. सरकारी वही उर्दू नमुन्याची. पहिला रकाना मालकाचं नाव, मग वासराचा रंग, मग 'वल्दियत', म्हणजे बापाचं नाव. माणसांच्या कागदावरून उचललेला नमुना तो. त्यामुळे प्रत्येक वासरापुढे मी 'वल्द लाल्या' असं लिहायचो. गावकरी हे वाचून घ्यायचे आणि पोट धरून हसायचे. "साब, आमच्या गोऱ्ह्याला आता कोरटात साक्षीला न्यायला हरकत न्हाई!"

एका फाल्गुनात पाटलांचा निरोप आला, ताबडतोब या. माणिकराव पाटील मोठा सरळ माणूस. चावडीत गेलो तर बसायलाही न सांगता म्हणाले, "सलोत्रीसाब, एका सालात तीन गोऱ्हे. एकानं सुताराला उडवलं. दुसऱ्यानं औत मोडून टाकलं. आन् परवा तिसऱ्यानं गोजरमायच्या किसनाला भिताडाला दाबलं. खुब्याचं हाड मोडलंय. चालंल का न्हाई, देव जाणे. आता तुमची वही काढा आन् सांगा, या तिघांचा बाप कोण?"

मी वही काढली. तीन नोंदी शोधल्या. तिन्हींपुढे माझ्याच अक्षरात 'वल्द लाल्या'.

"झालं का मग?" पाटील म्हणाले. "वळूचं बीच खराब हाय. त्याला खच्ची करा, न्हाईतर आमी बाजार दाखवतो."

मी त्याच दुपारी चावडीत बसून कैफियत लिहिली. इतकी सुबक कैफियत मी आयुष्यात दुसरी लिहिली नसेल. वळूची पैदास मारकी निघत आहे, तीन घटना, तिन्हींची वल्दियत एक, सबब खच्ची करण्यास हरकत नसावी. बीडहून आमच्या डॉक्टरसाहेबांची मंजुरी पंधरा दिवसांत आली. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश होतो. प्रकरण आलं, वही उघडली, उत्तर सापडलं. असं नेहमी होत नाही.

चैत्रात एका सकाळी लाल्याला पिंपळाखाली आणलं. मी सहा माणसं आणि दोन सोल मागवले होते. दोरांची गरजच पडली नाही. पाटलाच्या गड्यानं मानेला हात लावून 'बस बस' म्हटलं आणि तो खाली बसला. कुशीवर घेतलं तरी रवंथ चालूच. मी चिमटा दाबला तेव्हा त्यानं एकदा पाय झाडला, मोठा सुस्कारा टाकला, एवढंच. सोडल्यावर उठला, अंग झाडलं आणि माझ्यापुढे मान लांब केली. गळ्याखालची पोळी खाजवून घ्यायची त्याची सवय होती. मी खाजवली. एक माणूस दुसऱ्याला हळूच म्हणाला, "हा मारका व्हय बे?" ते माझ्या कानावर आलं. मी ऐकलं नाही असं केलं.

आषाढात लस टोचायला परत त्या गावी गेलो. किसनला पाहावं म्हणून गोजरमायच्या घरी डोकावलो. गोजरमाय ही किसनची आई. साठीच्या पुढची, वाळकी, चटचट चालणारी बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. शेत आणि गोठा ती आणि किसन मिळून सांभाळायचे. किसन तेव्हा तिशीचा. तो ओसरीत बाजेवर पडून होता. हाड जुळलं होतं, पण वाकडं. मला पाहून त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

गोजरमाय गोठ्यात शेण भरत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "साब, लाल्याला कावून खच्ची केलं?"

मला राग आला. "माय, तुमच्याच लेकासाठी ना?"

"माज्या लेकाला लाल्यानं दाबलं व्हय?"

"त्यानं नाही, पण त्याच्या बीजाच्या गोऱ्ह्यानं. वहीत लिहिलंय."

ती ताठ उभी राहिली. "तुमच्या वहीत बाप हाय. गोऱ्हा काय बापाच्या पोटातून पडला? त्याला आई न्हाई?"

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि दावणीच्या दोन गाईंपैकी एकीकडे बोट केलं. "ही मैना. किसनाला दाबलं तो हिचा. सुताराला उडवलं तो चंद्रीचा. चंद्री मैनेची बहीण. मी माज्या लेकीला आंदण दिली, ती सुताराच्या शेजारीच नांदती. आन् ज्यानं औत मोडलं तो तानीचा. तानी ह्यांची मावशी. ती आमी नणंदेला दिली. तिघी पवळीच्या वळणाच्या. मी लगीन होऊन आले तवा पवळी या गोठ्यात व्हती. माणूस जवळ आलं की नाकपुड्या फुगवायची आन् सारं अंग थरथरायचं. लई कामाची, लई दुधाची, पर खोड ती खोड."

"पण माय…"

"थांबा. पवळीचा एक गोऱ्हा व्हता. त्यानं माज्या सासऱ्याला पाडून छातीवर पाय दिलता. तवा लाल्या गावात न्हवता. लाल्याचा बाप बी जल्मला नसंल. मग त्या गोऱ्ह्यात खोड कुठून आली, सांगा बघू."

उलट मीच विचारलं, "इतकी मारकी गाय, तर तिचा वंश घरात ठेवलात कशाला?"

ती हसली. "साब, या डोंगराला लांडगा हाय. पवळीच्या वळणाच्या गाईचं वासरू लांडग्यानं कवा न्हेलं न्हाई."

मुक्कामाला येऊन मी वही पुन्हा उघडली. तीन पानं भरून 'वल्द लाल्या'. त्यातले तिघे मारके. आणि बाकीचे? बाकीच्यांचा मी विचारच केला नव्हता. तीन वाईट गोऱ्ह्यांचा बाप एक निघाला, हे मला मोठं कोडं सुटल्यासारखं वाटलं होतं. पण त्या गावात त्या वयाचा कोणताही गोऱ्हा घेतला असता तरी बाप लाल्याच निघाला असता.

दुसऱ्या दिवशी गोजरमायला म्हणालो, "माझ्याबरोबर घरोघर येता का?" ती आली. मी वासरू बघायचं आणि तिनं त्याची आई, आजी सांगायची. गावातल्या पुरुषांना वळू आणि बैल तोंडपाठ होते. कुणाचा बैल कुठल्या जत्रेत घेतला, कुणाला विकला. पण गाई मात्र आंदणातून लेकी-सुनांबरोबर या घरातून त्या घरात गेलेल्या. तो हिशेब बायकांकडे होता, आणि बायकांना आजवर कुणा सलोत्र्यानं विचारलं नव्हतं. गोजरमाय एखाद्या दारात उभी राहून सांगायची, "ही कपिली घराण्याची. हिच्या आजीच्या पाठीवर कावळा बसला तरी ती शेपूट हलवत न्हवती."

स्वभाव मोजायचा कसा? मी एक साधी रीत काढली. वासरू मोकळं उभं असताना छत्री उघडून त्याच्याकडे सरळ, संथ चालत जायचं आणि ते हललं की आपली पावलं मोजायची. काही वासरं छत्री नाकाला लागेपर्यंत बघत राहायची. काही अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असतानाच उधळायची. गावाला ही मोठीच करमणूक झाली. "सलोत्री येडा झाला काय बे, वासराला छत्री दावतो!" हे पाठीमागून ऐकत मी आठ दिवस त्या गावात हिंडलो. लांबूनच उधळणारी, डोळ्याचं पांढरं दाखवणारी वासरं वेगळी लिहिली, आणि गोजरमायनं सांगितलेल्या आया त्यांच्यापुढे लिहिल्या. जवळजवळ सगळी पवळीच्या वंशातल्या गाईंची. लाल्याची इतर गाईंपासूनची वासरं लाल्यासारखीच, मान पुढे करणारी.

आणखी एक गोष्ट गोजरमायनं दाखवली. पवळीच्या वळणाच्या वासरांच्या कपाळावरचा केसांचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या बराच वर असतो, कपिली घराण्याचा डोळ्यांच्या मधोमध. आमच्याकडे भोवरे बघून बैल घेतात हे मला माहीत होतं, पण मी ते शकुन-अपशकुनात काढत असे. त्या आठ दिवसांत मी भोवरेही लिहिले. पुष्कळ ठिकाणी तिचं खरं निघालं, काही ठिकाणी निघालं नाही. केसांचा आणि स्वभावाचा काय संबंध, याचा मला आजवर उलगडा झालेला नाही.

हे सगळं घेऊन मी बीडला डॉक्टरसाहेबांपुढे उभा राहिलो. साहेब हैदराबादचे, उंच, सावकाश बोलणारे, उर्दूत विचार करून आमच्यासाठी मराठीत सांगणारे. कागद संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाले, "गणपतराव, तुम्ही तीन चोर पकडले. तिघांच्या बापाचं नाव एक निघालं, म्हणून बापाला सजा दिली. गावातल्या सगळ्या शरीफ लोकांचा बापही तोच होता की."

"कसूर झाला, साहेब."

"कसूर माझाही. मी दस्तखत केली." त्यांनी कागद पुन्हा उलटला. "इंग्रजी किताबात लिहिलंय, वासरात अर्धं आईचं येतं, अर्धं बापाचं. आपल्या वहीत अर्धाच रकाना आहे. पण मला आता दुसरीच गोष्ट सतावते. भित्र्या आईजवळ वासरू वाढतं. आई दचकली की तेही दचकतं. मग खोड रक्तातून आली की शिकून आली? आंबट दूध पाजलं की आंबट माणूस होतो, असं माझी दादी म्हणायची." ते हसले, मग एकदम विचारलं, "त्या बाईच्या गोठ्यात दुसरी गाय कोणती?"

दुसरी गाय कपिली घराण्यातली होती, तिलाही कपिलीच म्हणत. आणि मैना आणि कपिली दोघीही गाभण होत्या, लाल्यापासूनच. चैत्रात माझा चिमटा चालण्याआधीच्या. म्हणजे ती लाल्याची शेवटची वासरं. बाप एक, गोठा एक, आया दोन. साहेब म्हणाले, "वासरं बदला."

हे गोजरमायला सांगणं मला जड गेलं. ती म्हणाली, "आईपून लेकरू तोडायचं?"

"तोडायचं नाही माय, बदलायचं. दोन्ही आयांना वासरू राहील."

"तिला काय कळत न्हाई व्हय?"

मी जबरदस्ती केली नाही. चार दिवसांनी तिचा निरोप आला, करा म्हणून. मी गेलो तेव्हा तिनं कारण सांगितलं. "माजा लेक जल्माचा लंगडा झाला. ते रगतानं केलं का रीतीनं, मला मालूम व्हायला पायजे."

दिवाळीच्या मागेपुढे दोघी दोन दिवसांच्या अंतरानं व्याल्या. दोन्ही गोऱ्हे. मी त्या गावीच मुक्काम ठोकून होतो. परकं वासरू गाय वासानं ओळखते आणि लाथ मारते. म्हणून मैनेच्या वारेचं पाणी कपिलीच्या वासराला चोळलं, वर मीठ लावलं. मैनेनं त्याला तीन दिवस लाथा मारल्या, मग चाटायला लागली. कपिलीला काही करावंच लागलं नाही. तिनं मैनेचं वासरू एकदा हुंगलं आणि दुधाला लावून घेतलं. मैनेच्या वासराच्या माथ्यावर केसांचा तुरा होता, म्हणून तो तुऱ्या. दुसरा गुण्या.

अडचण निघाली ती किसनकडून. कपिलीची दावण ओसरीसमोर होती. तो बाजेवरून ओरडला, "त्या मारक्याच्या भावाला माज्या म्होरं बांधता? उचला त्याला, न्हाईतर मी काठीनं…" उठायला गेला आणि खुब्यातल्या कळेनं खाली बसला. गोजरमायनं दावं सोडलं नाही. तुऱ्या तिथेच बांधलेला राहिला.

मी दर दीड-दोन महिन्यांनी जायचो, छत्री घेऊन. गावाची आता थट्टा संपली होती, उलट लोक विचारायचे, "कुणाचं पारडं जड?" गुण्या मैनेखाली वाढत होता. ती दचकली की तोही दचकायचा, लांबूनच पळायचा. मला वाटलं, साहेबांचं खरं, हे शिकून येतं. तुऱ्या मात्र मला चकवत होता. कपिलीच्या कुशीला तो शांत दिसायचा, पण छत्री उघडली की त्याच्या कातडीवरून लाटा जायच्या. पळत नसे. उभ्या जागी थरथरायचा.

पहिल्या उन्हाळ्यात एकदा गेलो तर किसन बाजेवर नव्हता. दोन काठ्यांवर गोठ्यात उभा होता आणि तुऱ्याच्या पाठीवरचे गोचीड काढत होता. मला पाहून ओशाळला. "दिवसभर बसून काय करू, साब? हे माज्याकडंच बघत बसायचं. मग म्हटलं, बघू तरी काय हाय ह्याच्या मनात." पुढे तो त्याला हातानं कडबा घालायला लागला. नवी वस्तू आली, की घागर असो, घोंगडी असो, किसन ती आधी स्वतः हातात धरायचा, मग तुऱ्याला हुंगवायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याला दाबणारा गोऱ्हा दारावरून जाणाऱ्या औताच्या आवाजाला भ्यालेला होता, मारायला आलेला नव्हता, हे तो एकदा सहज बोलून गेला. कधीपासून त्याला तसं वाटत होतं कोण जाणे.

मधल्या काळात मी चावडीत जाऊन पाटलांपुढे आणि चार माणसांपुढे सांगितलं, की लाल्याचा दोष नव्हता, माझी कैफियत चुकीची होती. माणिकराव बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "मग आता चिमटा उलटा फिरवून वळू परत करता का?" म्हणाले. मग तेच म्हणाले, "मीच घाई केली, साब. वही काढा म्हणून मीच बोललतो." लाल्या त्यांच्या गाडीला जुंपला जात होता. गावाला दुसरा वळू मिळायला दोन वर्षं लागली, आणि तो लाल्याच्या पासंगाला पुरणारा नव्हता. माझ्या हातून झालेल्या नुकसानीत ते सगळ्यात मोठं. साहेबांनी वहीच्या नमुन्यात 'मादर' म्हणून आईचा रकाना वाढवावा असं वर लिहिलं. वरून उत्तर आलं, की जास्तीच्या रकान्याची जरूर नाही. मी हातानं रेघ मारून तो रकाना करून घेतला आणि नोकरी संपेपर्यंत भरत राहिलो.

तीन वर्षांनी दोन्ही गोऱ्हे जुंपायचे झाले. माघ महिना होता. साहेब येणार होते, पण त्यांची बदली झाली होती. मी एकटाच गेलो. गावाबाहेरच्या पडीक रानात लोक जमले होते. नव्या गोऱ्ह्याला आधी एका वयस्क बैलाच्या जोडीला जुंपतात आणि मागे लाकडाचा ओंडका बांधतात, म्हणजे ओढायची सवय होते.

आधी गुण्या. ओंडका खडखडला तसा उधळला, जू मोडतो की काय असं वाटलं. लोक म्हणाले, "गेला मैनेच्या वळणावर." पण चौथ्या-पाचव्या फेरीला त्यानं मान खाली घातली आणि पुढे आठवड्याभरात तो शेळीसारखा झाला. मैनेखाली शिकलेली भीती त्याच्या अंगावर होती, अंगात नव्हती.

मग तुऱ्या. किसन एका काठीवर, बांधाच्या दगडांना पाठ लावून उभा होता. गोजरमाय माझ्याशेजारी. मी तिला म्हटलं, "किसनरावांना जरा लांब घ्या." ती म्हणाली, "सांगून बघितलं. ऐकत न्हाई."

तुऱ्या पहिली दहा पावलं नीट चालला. मग ओंडका एका दगडावर आदळला. तुऱ्यानं हिसडा दिला, जुवाची खुंटी तुटली, तो जुवातून सुटला आणि सरळ बांधाकडे धावला, किसनकडे. माणसं ओरडली. गोजरमायनं माझा दंड धरला, त्याचे वळ मला नंतर दिसले. किसनला पळता येत नव्हतं आणि मागे दगड होते. त्यानं काठी टाकली. काठी का टाकली, हे मी पुढे त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, काठी बघून भेलं असतं.

"हो… हो… तुऱ्या… मीच हाय," एवढंच तो म्हणाला, रोज कडबा घालताना म्हणावं तसं.

तुऱ्या त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबला. नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्याचं पांढरं दिसतंय, मानेपासून मांडीपर्यंत कातडी थरथरतेय. गोजरमायनं पवळीचं जे वर्णन केलं होतं ते हुबेहूब. किसननं हात पुढे करून मानेवर ठेवला आणि तसाच ठेवला. आम्ही कुणीच जागचे हललो नाही. थरथर थांबत नव्हती, पण तुऱ्याचा एक पायही उचलला गेला नाही.

मग किसननं वेसणीची दोरी धरली. काठी उचलायची राहिली ती राहिलीच. तुऱ्याच्या खांद्यावर भार देत, लंगडत, तो स्वतः त्याला परत जुवापाशी घेऊन आला. मी पुढे झालो. सवयीनं विचारलंच, "किसनराव, काय वाटतं? कुणावर गेलाय?"

किसननं तुऱ्याच्या मानेवर हात फिरवला. हाताखाली ते अंग अजून लहरत होतं.

"आईवरच गेलाय, साब," तो म्हणाला. "पर ऐकतोय."